हिरड्यांची काळजी

परभणी जिल्ह्यातील सेलू तालुक्यात वालूर नावाचे गाव आहे. तेथे चक्राकार पायऱ्यांची एक जुनी बारव आहे. बारव म्हणजे पायऱ्यांची विहीर. ही बारव गाळाने भरून गेली होती. गावकऱ्यांनी श्रमदान करून ती साफ केली, तेव्हा तिचे मूळ रूप दिसू लागले.

असाच गाळ आपल्या दातांवरही साचतो. अन्नाचे कण आणि जंतू यांचा चिकट थर हिरडीच्या कडेला बसतो. तो रोज काढला नाही, तर कडक होतो. त्याला कीटण म्हणतात. या थरातील जंतूंमुळे हिरड्या लाल होतात, सुजतात आणि दात घासताना रक्त येते. रक्त पाहून पुष्कळ लोक दात घासणेच सोडून देतात. ही मोठी चूक आहे. अशा वेळी मऊ ब्रशने हलक्या हाताने दात घासावेत आणि दंतवैद्यांकडे जावे.

वेळीच उपचार केले, तर हिरड्या पूर्ववत होतात. दुर्लक्ष केले, तर हिरडी दातापासून सुटते आणि आतले हाड झिजते. मग न किडलेला दातही हलू लागतो. झिजलेले हाड आपोआप भरून येत नाही.

मिठाच्या कोमट पाण्याने गुळण्या केल्यास आराम वाटतो. पण कीटण निघत नाही. ते दंतवैद्य यंत्राने काढतात. त्यामुळे दात ढिले होतात, असा समज आहे. तो खरा नाही. दात ढिले होतात ते हिरडीच्या रोगाने.

काही घरांत मिश्री लावतात. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखू. तिने हिरड्या बिघडतात आणि तोंडाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. मधुमेह असलेल्यांनी तर हिरड्यांना विशेष जपावे.

तुमच्या घरी कोणी मिस्वाक वापरत असेल. ती चांगली सवय आहे. मात्र मिस्वाकचे टोक चावून मऊ करावे आणि ती हिरडीवर जोराने घासू नये. ब्रश असो वा मिस्वाक, सकाळी आणि रात्री झोपण्यापूर्वी दात स्वच्छ करावेत.

बारव एकदा साफ करून भागत नाही. तिची निगा सतत राखावी लागते. दातांचेही तसेच आहे. घरात कोणाच्या हिरड्यांतून रक्त येत असेल, तर त्यांना ही माहिती अवश्य सांगा.