काड फोडणारं पाणी

मळीपासून इथेनॉल काढण्यात फारसं गूढ नाही. साखर आयती विरघळलेली असते, यीस्ट घातलं की आंबवण सुरू. गव्हाच्या काडातही साखर भरपूर. पण ती सेल्युलोजच्या रूपात, हेमिसेल्युलोज आणि लिग्निनच्या वेढ्यात. हा वेढा बरेच जण सौम्य गंधकाम्लाने फोडतात. डेन्मार्कमध्ये कालुंडबोर्गच्या ‘इनबिकॉन’ प्रकल्पाने तो नुसत्या गरम पाण्याने फोडायचं ठरवलं.

नुसतं म्हणायचं एवढंच. हे पाणी 180 ते 200 अंशांचं. घरचा कुकर 120च्या आसपास थांबतो. इथे वातावरणाच्या दहा-पंधरा पट दाब असतो, म्हणून पाणी पाणीच राहतं. या तापात हेमिसेल्युलोजला चिकटलेले ॲसिटिल गट सुटतात आणि ॲसेटिक आम्ल तयार होतं, आपल्या व्हिनेगरमधलंच. मग तेच आम्ल हेमिसेल्युलोजचे तुकडे पाडत जातं. म्हणजे काडाला फोडणारं आम्ल काडच पुरवतं! ते विकत आणायला नको, नंतर चुन्याने मारायला नको, जिप्समचे ढीग उपसायला नकोत. मला या पद्धतीची सगळ्यात मोठी हुशारी हीच वाटते.

हात मात्र आवरता यायला हवा. ताप किंवा वेळ जास्त झाला, की सुटलेल्या झायलोज साखरेचं फरफ्युरल होतं आणि ते यीस्टला मानवत नाही.

शिजलेलं काड पुढे आडव्या टाक्यांत जातं. फिरत्या दांड्यावरची पाती ते वर उचलतात आणि खाली आपटू देतात, सोबत सेल्युलोजची साखर करणारे एन्झाइम. नेहमीचा ढवळणारा पंखा इथे रुतून बसला असता, कारण पाणी मुद्दामच कमी ठेवलेलं. आत जातो ओला भुसा, काही तासांनी बाहेर येतो ओतता येईल असा लगदा.

प्रकल्प नोव्हेंबर 2009 मध्ये सुरू झाला, तासाला 4 टन काड पचवण्याच्या क्षमतेचा. वाफ शेजारच्या आस्नेस वीजकेंद्राची; उरलेलं लिग्निन जळणासाठी परत तिकडेच. या शेजाराशिवाय एवढं पाणी तापवण्याचा हिशेब जुळणं अवघडच होतं. तरीही प्रकल्प प्रात्यक्षिकापुरताच राहिला आणि काही वर्षांत थांबला. पाण्याने आपलं काम चोख केलं होतं, पण एन्झाइम स्वस्त नव्हते.

आपल्याकडे ऑगस्ट 2022 मध्ये पानिपतला इंडियन ऑईलचा प्रकल्प राष्ट्राला अर्पण झाला, पुण्याच्या ‘प्राज’च्या तंत्रज्ञानावर उभारलेला. वर्षाला 2 लाख टन भाताचा पेंढा, त्यातून 3 कोटी लिटर इथेनॉल, असं गणित. तिथे पहिली कसोटी शेतातच लागते: भात कापून गहू पेरेपर्यंतच्या दोन-तीन आठवड्यांत वर्षभराचा पेंढा गोळा करायचा, आणि तो कोरडा ठेवायचा.