खेळांतील राष्ट्रें व खरीं वैरें

बुद्धिबळाचा डाव संपला कीं पट गुंडाळला जातो आणि खेळणारे आपापल्या घरीं जातात. परंतु ज्या खेळाचा डाव कधीं संपतच नाहीं, जय कोणता व पराजय कोणता हें ज्याच्या नियमांत सांगितलेलेंच नाहीं, तो खेळ माणसांच्या हातीं दिला तर तीं काय करतील? ‘नेशनस्टेट्स’ ह्या नांवाचा इंटरनेटवरील राजकीय खेळ वीस वर्षांहून अधिक काळ ह्या प्रश्नाचें उत्तर देत आला आहे. माणसें प्रथम पक्ष काढतात, हें तें उत्तर.

मॅक्स बॅरी ह्या ऑस्ट्रेलियन कादंबरीकारानें हा खेळ नोव्हेंबर २००२ मध्यें सुरू केला. त्याची ‘जेनिफर गव्हर्न्मेंट’ ही कादंबरी २००३ मध्यें यावयाची होती. तिची जाहिरात व्हावी, एवढाच मूळ हेतु. खेळणारानें एक राष्ट्र स्थापावें, त्याला नांव व निशाण द्यावें, आणि समोर येणाऱ्या प्रश्नांवर रोज निर्णय द्यावा, अशी खेळाची रचना आहे. प्रश्न बहुधा विनोदी असतात, आणि निर्णय कोणताहि दिला तरी त्याचें फळ थोडें विचित्रच निघतें. नागरिकांचे हक्क, अर्थव्यवस्था व राजकीय स्वातंत्र्य ह्या तीन मापांवरून राष्ट्राला २७ वर्गांपैकीं एक वर्ग मिळतो. त्यांतला एक वर्ग माथेफिरू हुकूमशाहीचा आहे. त्यांत गेल्यानें खेळणाराचें कांहींच बिघडत नाहीं. पुष्कळजण गंमत म्हणून मुद्दाम तेथें जाऊन बसतात.

येथवर सारा मामला एकट्याचा. राजकारण सुरू होतें तें प्रदेशांत. प्रत्येक राष्ट्र कोणत्या तरी प्रदेशांत राहतें, आणि त्यांपैकीं जीं जागतिक सभेचीं सभासद आहेत तीं एकमेकांस अनुमोदन देऊं शकतात. (ह्या सभेचें नांव पूर्वीं संयुक्त राष्ट्रसंघ असें होतें, खऱ्या राष्ट्रसंघाचें आक्षेपाचें पत्र आल्यावर २००८ मध्यें तें बदलावें लागलें.) ज्याला सर्वांत अधिक अनुमोदनें तो प्रदेशाचा प्रतिनिधि. एका माणसाला राष्ट्रें कितीहि काढतां येतात, परंतु सभेंत त्यांपैकीं एकच घालतां येतें. म्हणजे मत माणशीं एकच. प्रतिनिधीच्या हातीं मात्र बरेंच कांहीं असतें: नको असलेल्या राष्ट्रास त्याला प्रदेशाबाहेर घालवितां येतें, आणि वेशीवर परवलीचा शब्द लावून इतरांस मज्जाव करतां येतो.

एवढ्या साध्या नियमांतून काय होऊं शकतें हें २००३ सालींच दिसून आलें. नव्यानें जन्मलेलीं राष्ट्रें ज्या पॅसिफिक प्रदेशांत आपोआप येऊन पडतात, त्यांतला एक प्रदेश फ्रँकोस स्पेन नांवाच्या राष्ट्रानें हस्तगत केला, विरोधकांस हांकलून दिलें आणि नवी पॅसिफिक व्यवस्था स्थापन झाल्याचें जाहीर केलें. आरडाओरडा पुष्कळ झाला. परंतु एकहि नियम मोडलेला नव्हता.

पुढें खेळांत दोन मोठे पक्ष दिसूं लागले, एक धाड घालणारांचा व दुसरा रक्षकांचा. त्यांचें भांडण डाव्या-उजव्या मतांचें नव्हे. दोहोंकडे साम्यवादी सांपडतात आणि राजनिष्ठहि सांपडतात. भांडण आहे तें परक्याचा प्रदेश बळकवावा कीं नाहीं ह्याचें. दिवसांतून दोनदां खेळाचें यंत्र सर्व प्रदेशांचा हिशेब ठरलेल्या क्रमानें घेतें, आणि प्रतिनिधि बदलावयाचा तो त्याच क्षणीं बदलतो. अमुक प्रदेशाची पाळी केव्हां येणार हें जाणत्यांना जवळजवळ सेकंदाच्या हिशेबानें सांगतां येतें. त्याच्या थोडेंसें अगोदर म्होरक्या प्रदेशांत शिरतो, मागोमाग साथीदार, आणि प्रत्येकजण त्याला अनुमोदन देतो. रक्षकहि त्याच घाईंत आंत शिरून जुन्या प्रतिनिधीला उचलून धरतात. पेंढाऱ्यांच्या धाडीची आठवण व्हावी असा हा प्रकार, फक्त घोडीं नाहींत.

बळी पडतात ते निजलेले प्रदेश. राष्ट्रें चाळीस, पण प्रतिनिधीच्या नांवावर अनुमोदनें तीनच, असा प्रदेश सहा जणांच्या टोळीला पुरतो. बाकीच्या छत्तीस जणांनीं अनुमोदन देण्याचा कंटाळा केलेला असतो. जुन्या रहिवाशांना हांकलणें महाग पडावें म्हणून २००६ मध्यें ‘वजना’चा नियम आला: जें राष्ट्र अनुमोदनें मिळवून जितका अधिक काळ टिकलें तितकें त्याचें वजन, आणि त्याला घालविण्यासाठीं प्रतिनिधीला स्वतःचें वजन खर्चावें लागतें. त्यानें धाडी मंदावल्या, थांबल्या नाहींत.

अशा रणांगणावर नाझी व फॅसिस्ट नांवें धारण करणारे प्रदेश उभे राहिले नसते तरच नवल. त्यांत कोणी केवळ इतरांस डिवचण्यासाठीं आलेले असतात, कोणी इतिहासाचें नाटक करीत असतात, आणि कोणी तीं मतें खरोखरच बाळगून असतात. तिघांचें निशाण एकच असतें. खेळाचा नियम असा कीं, कल्पित राष्ट्रानें राज्य कितीहि क्रूरपणें करावें, पण खऱ्या माणसाला धमकी किंवा त्रास देऊं नये. कागदावर ही रेषा स्पष्ट आहे. परंतु खऱ्या मताचा माणूस शिवी देत येत नाहीं. तो नव्या खेळणाराचें आगतस्वागत करतो, नियम समजावून देतो, एखादें लहानसें पद देतो, आणि मग खेळाबाहेरच्या खाजगी बैठकीस बोलावतो. बोलावलेला एखादा शाळकरी मुलगाहि असूं शकतो. तेथें काय बोललें जातें तें खेळाच्या पंचांना दिसत नाहीं.

दोन्ही पक्षांनीं ह्या प्रदेशांविरुद्ध शस्त्र उचललें, पण त्यांतहि राजकारण आलेंच. धाड घालणारांना येथें दुहेरी लाभ. एरवीं ज्या कृत्याबद्दल शिव्या बसतात त्याच कृत्याबद्दल येथें शाबासकी मिळते. ही शाबासकी मिळविण्यासाठींच शत्रु निवडले जातात असा रक्षकांचा टोमणा असतो, आणि तो अगदींच निराधार नव्हे. रक्षकांची पंचाईत वेगळी. प्रत्येक प्रदेश त्याच्या रहिवाशांचा, हें त्यांचें तत्त्व. मग हे प्रदेशहि त्यांच्या रहिवाशांचेच. बहुतेक रक्षकसंघांनीं येथें तत्त्वाला अपवाद केला, आणि तें योग्यच झालें. पण अपवाद एकदां केला कीं त्याची कक्षा कोणी ठरवावयाची, ह्यावर वाद संपत नाहींत. ‘तुमच्यांत अमुक फॅसिस्ट लपला आहे’ हा आरोप मग प्रदेशांच्या निवडणुकींतहि हत्यार म्हणून वापरला जातो. आरोप कधीं खरा असतो, कधीं केवळ मतांसाठीं केलेला. आणि खोट्याचा सुकाळ झाला म्हणजे खऱ्याकडेहि कोणी लक्ष देत नाहीं.

२००९ मध्यें जागतिक सभेंत सुरक्षा समिति आली. तिला एखाद्या राष्ट्राचा गौरव करतां येतो, निषेध करतां येतो, किंवा एखादा प्रदेश ‘मुक्त’ करून प्रतिनिधीनें लावलेला परवलीचा शब्द रद्द करतां येतो. हें शेवटचें हत्यार मूळ धाडींतून सुटका करण्यासाठीं होतें. पुढें फॅसिस्ट प्रदेशांची दारें उघडण्यासाठींहि तें वापरण्यांत आलें. निषेधाचें मात्र हंसें झालें. निषेधाचें चिन्ह राष्ट्राच्या पानावर लागतें, आणि तें मिरविण्यासाठीं लोक धडपडतात.

फॅसिस्ट प्रदेशांची खरी तटबंदी संस्थापक ही होती, कारण त्याला अनुमोदनांनीं हलवितां येत नसे. २०२३ मध्यें त्याच्या जागीं गव्हर्नर आला व वारस नेमण्याची सोय झाली. परंतु जें राष्ट्र २८ दिवस कोणी उघडत नाहीं तें सामान्यतः आपोआप नाहींसें होतें, हा नियम सर्वांना सारखाच. संस्थापक कंटाळला, त्याचें राष्ट्र नाहींसें झालें, कीं वाट पाहणारे आंत शिरत. एकएक रहिवासी घालविला जाई. शेवटचाहि गेला कीं प्रदेश पुसला जाई, आणि विरोधक तेंच नांव स्वतः घेऊन, परवलीचा शब्द लावून, आंत एक पहारेकरी राष्ट्र ठेवून देत. त्या पहारेकऱ्याला दुसरें काम नसतें. २८ दिवस संपण्यापूर्वीं कोणी तरी आठवणीनें तें राष्ट्र उघडावें लागतें. नाहीं तर नांव पुन्हां मोकळें होतें, आणि जो प्रथम येईल त्याला मिळतें.