बाजारातलं गणित फळ्यावर का अडतं?

मालवणजवळच्या एका शाळेत सहावीच्या तासाला आम्ही मागच्या बाकावर बसलो होतो. फळ्यावर उदाहरण होतं ४०० × २.५. एका मुलीने व्यवस्थित मांडणी करून गुणाकार केला. दशांशचिन्ह द्यायचं तेवढं राहिलं आणि उत्तर आलं १०,०००. मधल्या सुट्टीत आम्ही तिला सहज विचारलं, "सुरमई चारशे रुपये किलो असेल, तर अडीच किलोचे किती?" तिने पापणीही न हलवता सांगितलं, "दोन किलोचे आठशे, अर्ध्याचे दोनशे. हजार." तिची आई बाजारात मासे विकते हे आम्हाला नंतर कळलं. मग तिचीच वही आम्ही तिच्यापुढे धरली. "मगे हय धा हजार कशे इले?" म्हणत ती हसायलाच लागली. "सोन्याचे मासे काय ते?"

या मुलीला गुणाकार येतो की येत नाही? परीक्षेचं उत्तर एक आहे, बाजाराचं दुसरं. शिक्षणातल्या संशोधकांना हा प्रश्न गेली चाळीस वर्षं छळतो आहे. त्यांना जे सापडलं त्याचा आपल्या तासाशी थेट संबंध आहे, पण ते आपल्यापर्यंत क्वचितच पोचतं.

यातला सर्वांत गाजलेला अभ्यास ब्राझीलमधल्या रेसिफे या किनाऱ्यावरच्या शहरातला आहे. तेरेझिन्हा कराहेर (पुढे नुनेस), डेव्हिड कराहेर आणि अनालुसिया श्लिमान यांनी तो १९८५ साली प्रसिद्ध केला. मुलं फक्त पाच, वय ९ ते १५, सगळी रस्त्यावर किंवा बाजारात विक्री करणारी. संशोधक आधी गिऱ्हाईक म्हणून गेले आणि खरेदी करता करता हिशेब विचारले. नंतर तेच हिशेब कागद-पेन्सिल देऊन शाळेच्या पद्धतीने विचारले. बाजारात सुमारे ९८ टक्के उत्तरं बरोबर आली. शाब्दिक उदाहरणांत ७४ टक्के. नुसती आकडेमोड दिली तेव्हा फक्त ३७ टक्के.

पाच मुलांवरून जगाबद्दल निष्कर्ष काढता येत नाहीत, हे खरंच. पण टक्केवारीपेक्षा मुलांच्या रीती बघण्यासारख्या आहेत. एका बारा वर्षांच्या मुलाकडे नारळ ३५ क्रुझेरोंना होता. चार नारळांचे किती, असं विचारल्यावर त्याने तिघांच्या १०५ मध्ये आधी ३० मिळवले, मग राहिलेले ५, आणि १४० सांगितले. कागदावर ३५ × ४ करताना मात्र चार पंचे वीस, हातचे दोन. ते दोन आधी तीनमध्ये मिळवले, पाच झाले, पाच चोक वीस. उत्तर लिहिलं २००. हातच्याची ही चूक आपल्यापैकी प्रत्येकाने तपासलेल्या वह्यांत पाहिली असेल. महत्त्वाचं हे, की त्या मुलाला २०० आणि १४० यांतला विरोध खटकलाच नाही. कागदावरची संख्या नारळांबद्दल काही बोलत असते, असं त्याला वाटतच नव्हतं.

इथे एक शंका निघते. बाजारातली मुलं नेहमीचे भाव पाठ करून बोलत असतील, त्यात गणित कुठलं? याच संशोधकांनी ब्राझीलच्या ईशान्य किनाऱ्यावरच्या, शाळेत फारसं न गेलेल्या मच्छीमारांना असे प्रश्न विचारले, जे त्यांना धंद्यात त्या रूपात कधी पडत नाहीत. १८ किलो कोळंबी पकडली की सोलून ३ किलो मिळते. गिऱ्हाइकाला २ किलो सोललेली हवी, तर किती पकडावी लागेल? एकाने असा विचार केला: दीड किलोला नऊ, कारण दोन्हींचं अर्ध केलं, अर्ध्या किलोला तीन, नऊ आणि तीन बारा. ही पाठ केलेली गोष्ट नाही. एक राशी अर्धी केली की दुसरीही अर्धी होते, हे सम प्रमाणाचं मर्म त्याच्या हाती आहे. त्रैराशिकाचं नावही त्याने ऐकलं नसेल.

मग दुकान-दुकान खेळायचं, मासे-भाजीची उदाहरणं घालायची, की झालं? इतकं सोपं नाही. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी फेब्रुवारी २०२५ मध्ये 'नेचर'मध्ये छापलेला अभ्यास कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या १,४३६ मुलांचा आहे. कामावर ही मुलं अवघड हिशेब सराईतपणे करत होती, आणि शाळेच्या रूपात तितकीच किंवा त्याहून सोपी आकडेमोड दिली की अडत होती. पण उलट बाजूही तपासली गेली. शाळेत जाणारी, बाजारात काम न करणारी मुलं शाळेच्या आकडेमोडीत त्यांच्यापेक्षा बरी, आणि बाजारातल्या हिशेबात ढेपाळणारी निघाली. म्हणजे कौशल्य इकडून तिकडे आपोआप जात नाही, आणि तिकडून इकडेही येत नाही. आपल्याकडे होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रातले अरिंदम बोस आणि के. सुब्रमण्यम यांनी मुंबईच्या धारावीतल्या शाळकरी मुलांचं कामातून आलेलं गणित अभ्यासलं आहे. तिथेही कोणाला काय येतं हे त्याच्या वाट्याला कसलं काम येतं यावर बरंच अवलंबून दिसतं.

सिंधुदुर्गातल्या एकाच वर्गात ही दोन्ही प्रकारची मुलं शेजारी शेजारी बसलेली असतात. एकाच्या घरी रापणीतले वाटे पडतात, दुसऱ्याने मासे फक्त ताटात पाहिलेले.

आता आमच्या मुलीकडे परत येऊ. तिचं नेमकं काय अडलं? आम्हाला वाटतं, 'अडीच' आणि '२.५' या तिच्यासाठी दोन वेगळ्या वस्तू होत्या. बाजारात अडीच म्हणजे दोन आणि अर्धा. फळ्यावर ते होतं 'दोन पॉइंट पाच', म्हणजे मधे ठिपका असलेले दोन आणि पाच. ठिपका गळला तर काय बिघडलं? मराठीकडे इथे चांगली शिदोरी आहे: पाव, पाऊण, सव्वा, दीड, अडीच. आपल्या आजोबांच्या शाळेत पावकी, निमकी, दिडकी, अडीचकी पाठ करून घेत. १९५७ साली दशमान नाणी आली, पुढे मेट्रिक मापं आली आणि ही पाढ्यांची पुस्तकं माळ्यावर गेली. ती घोकंपट्टी परत आणा असं आम्ही म्हणत नाही. शब्द मात्र अजून बाजारात जिवंत आहेत, आणि दशांश अपूर्णांकाच्या धड्यात ते क्वचितच ऐकू येतात.

त्या शाळेतल्या शिक्षकांशी हे बोलणं झालं आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी फळ्यावर दोन रकाने आखले, किलो आणि रुपये. मुलं सांगतील त्याच क्रमाने लिहायचं ठरलं. १ किलो ४००, २ किलो ८००, अर्धा किलो २००; दोन ओळींची बेरीज, अडीच किलो १०००. मग बाजूला ४०० × २.५ लिहून त्याची फोड केली: ४०० × २ आणि ४०० × ०.५. हाच तो वितरणाचा गुणधर्म. त्यानंतरच उभा गुणाकार आला: ४०० × २५ म्हणजे १०,०००, आणि २.५ हे २५ चा दहावा भाग, म्हणून १,०००. प्रत्येक उत्तराला 'एवढ्याचे एवढे असतील का?' हा प्रश्न मुलंच विचारू लागली.

मुलीची रीत पुरेशी आहे असं मात्र समजू नये. १ किलो ३७० ग्रॅम आणि ४६५ रुपये भाव आला की अर्ध करून-जोडून जाताना दमछाक होते. व्यस्त प्रमाणात तर ओळींची बेरीज चालतच नाही. शाळेची रीत तिथे लागते.

आणखी एक जपायची गोष्ट. 'हिची आई मासे विकते, हिला विचारा' असं भर वर्गात म्हणू नये. उदाहरण सगळ्यांना द्यावं, रीत कोणाची का असेना. शिवाय शाळा सुरू होते ती जूनमध्ये, तेव्हा यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते. त्या दिवसांत काजू बरा. साधारण ४ किलो बी फोडली की १ किलो गर निघतो. वेंगुर्ला-४ किंवा वेंगुर्ला-७ या जातींत गर सुमारे ३० टक्के. अडीच किलो गर हवा तर कुठल्या जातीची किती बी लागेल, हा प्रश्न त्या वर्गात टाकला. मुलं रकाने आखायला लागली तेवढ्यात मागून एक मुलगा म्हणाला, "सर, तुकडो गरात धरूचो काय नाय?" शिक्षकांनी क्षणभर विचार केला आणि तिसरा रकाना आखला.