गालिच्याची पाठ

हस्तकला विकास आयुक्तांचे दफ्तर दिल्लीतील ज्या आर. के. पुरममध्ये दीर्घकाळ नांदले, त्याच वस्तीत राहणाऱ्या मला जुन्या इराणी गालिच्यांचा छंद जडावा, आणि पुण्याचा फरासखाना म्हटले की पोलीस चौकीपूर्वी तंबू-बिछायती सांभाळणारे पेशवाईतील खाते आठवावे, यात नवल नाही.

गालिचा पाहताना प्रथम त्याचा कोपरा उलटावा. कारण हातविणीच्या गालिच्यातील वेलबुट्टी पाठीवरही स्पष्ट उमटलेली असते, गाठी किंचित लहानमोठ्या दिसतात, आणि टोकाची झालर मागाहून शिवलेली नसून ताण्याचेच उरलेले दोरे असतात. इराणी गाठीत लोकर एका दोऱ्याला पूर्ण वेढा घालते व शेजारच्याच्या केवळ मागून जाते, म्हणूनच वळणदार पाने-कळ्या इतक्या नाजूक साधतात. मंजिष्ठेच्या तांबड्यात किंवा निळीच्या निळ्यात मध्येच फिकट पट्टा आढळला, तर तो दोष मानू नये. लोकरीची पुढील खेप निराळी रंगली, एवढाच त्याचा अर्थ. या छटाभेदाला ‘अब्रश’ म्हणतात, आणि मला तर कारागिराचा हात तिथेच सर्वाधिक जाणवतो.

लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातील सुमारे साडेदहा मीटर लांबीच्या अर्दबिल गालिच्यावर मकसूद काशानी हे नाव व हिजरी ९४६, म्हणजे इ. स. १५३९-४०, हे साल विणलेले आहे; एवढा जुना गालिचा सालासह मिळणे अत्यंत दुर्मीळ.

आपल्या घरी आजोबांच्या काळचा गालिचा असेल, तर धुलाईला देण्यापूर्वी त्याची पाठ एकदा अवश्य पाहा.