तण, तणनाशक आणि आपण

'तण खाई धन' ही म्हण शेतकऱ्याच्या घरात लहानपणापासून कानी पडते. ती खोटी नाही. कपाशी पेरल्यानंतर पहिले दीड-दोन महिने रान स्वच्छ राहिले नाही, तर खत व ओल तणच खाते आणि पीक मागे पडते. म्हणून डवरणी आणि निंदण ही कामे पूर्वापार चालत आली. परंतु पावसाची झड लागली की डवरा चालत नाही. मजूर वेळेवर मिळत नाहीत, मिळाले तर मजुरी परवडत नाही. अशा अडचणीच्या वेळी शेतकरी तणनाशकाकडे वळतो. तो हौसेने वळत नाही, हे आधी ध्यानात घेतले पाहिजे.

आता बाटलीत काय असते ते पाहू. पॅराक्वाट हे तणनाशक १९६२ साली बाजारात आले. फवारल्यावर ऊन पडले की काही तासांतच हिरवे पान करपते. माणसाच्या पोटात एखादा घोट गेला, तरी ते फुफ्फुसात साठून जीव घेऊ शकते. त्यावर आजही उतारा नाही. स्वित्झर्लंडने १९८९ मध्येच त्यावर बंदी घातली. दुसरे ग्लायफोसेट, १९७४ सालचे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये त्याची गणना 'बहुधा कर्करोगकारक' द्रव्यांत केली. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेला ते मत मान्य नाही. तज्ज्ञांचा वाद चालू राहतो आणि फवारणीही चालू राहते. यवतमाळ जिल्ह्यात २०१७ साली कीटकनाशकांच्या फवारणीतून विषबाधा होऊन वीसजणांहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. ते विष निराळे होते, पण पाठीवरचा पंप तोच आणि हातमोज्यांवाचूनचे हातही तेच. आपण तर या विषाला 'औषध' म्हणतो!

आणखी एक नुकसान हिशेबात येत नाही. तरोटा, घोळ, चिवळ, तांदुळजा ही तणेच. पण पावसाळ्यात गरिबाघरची भाजीही तीच. शिवाय निंदण हा भूमिहीन बायांचा हक्काचा रोजगार आहे. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच, आणि माझी फी आईच्या निंदणाच्या मजुरीतून भरली गेली.

मग उपाय कोणता? अमरावती जिल्ह्यातील बेलोऱ्याचे सुभाष पाळेकर यांनी नैसर्गिक शेतीचा प्रसार केला. त्यांना २०१६ मध्ये पद्मश्री मिळाली. देशी गाईचे शेण, गोमूत्र, गूळ, बेसन व मूठभर माती पाण्यात कालवून केलेले जीवामृत पुष्कळांना ठाऊक आहे. परंतु तणाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे ते आच्छादन. पिकांच्या ओळींमध्ये काडीकचऱ्याचा थर दिला की जमिनीला उजेड मिळत नाही, तण कमी उगवते आणि ओलही टिकते. कपाशीत मूग, उडीद, चवळी घेतली तर मोकळी जागा पीकच झाकून टाकते. उरलेले तण डवऱ्याने व खुरप्याने काढावे.

या पद्धतीत सुरुवातीला हातांचे काम वाढते, हे लपवण्यात अर्थ नाही. त्यासाठी सावडीची जुनी रीत पुन्हा सुरू करता येईल. सबंध शेत एकदम न बदलता अर्ध्या एकरावर प्रयोग करावा आणि खर्च-उत्पन्न वहीत लिहावे. मित्रमैत्रिणींनो, ही वही आपण शिकलेल्या मुलांनी ठेवायची आहे. हिशेब मांडताना एवढे विसरू नये, की बाटलीचा पैसा गावाबाहेर जातो आणि निंदणाचा पैसा गावातल्याच एखाद्या चुलीपर्यंत पोहोचतो.