जुन्या मोटारीची निगा

मंठाळच्या आमच्या पेढीपुढील फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय पाहून धर्मबंधू विचारतात, "ही अजून विकली नाही?" चाकणच्या कारखान्यात तयार झालेली ही गाडी २०१३ साली बाजारात आली. पोलोचे तेथील उत्पादन २०२२ साली थांबले. इंजिन अवघे १.२ लिटरचे, परंतु टर्बोच्या बळावर ते १०५ अश्वशक्ती देते.

टर्बोचे चक्र मिनिटास लाखाहून अधिक फेरे घेते आणि तेलाच्या पातळ थरावर तरते. तुरीच्या हंगामात आम्ही तेलबदल दोनदा पुढे ढकलला. हुमनाबादेहून परतताना गाडीने निळा धूर सोडला आणि त्या हंगामाच्या नफ्यातील मोठा वाटा दुरुस्तीत गेला. दोष सर्वस्वी आमचाच होता.

आता तेलबदलाची तारीख आम्ही रोजमेळाच्या पहिल्या पानावर लिहितो. वेगवान प्रवासानंतर इंजिन मिनिटभर मंद चालू ठेवून मगच बंद करतो.

चिरंजीव म्हणतात, नवी घेऊ या. परंतु थप्पी वेळच्या वेळी उलटून पाहिली तरच धान्य टिकते. परिग्रहपरिमाण पाळणाऱ्याने आहे ती वस्तू जपणे, हाही त्या व्रताचाच भाग होय, असे आम्हांस वाटते.