बटण दाबलं, तोवर पोरगा पाण्यात

सायखेड्यात गोदावरीकाठी चुलतभाऊ उड्या मारायचा आणि मी मामाकडून मागून आणलेला ऑटोफोकस कॅमेरा घेऊन उभा असायचो. त्यानं झेप घेतली की बटण दाबायचं, असं तीनदा केलं. रोल नाशिकला धुवायला टाकला. प्रिंट आले, तर तिन्हींत नुसते पाण्याचे शिंतोडे.

हिशेब सोपा आहे. दहा फुटांवरून उडी घेतलेला माणूस पाऊण सेकंदात पाण्याला टेकतो. डोळ्यांनी पाहून बोट हलवायलाच आपल्याला साधारण पाव सेकंद लागतो. त्यापुढे कॅमेऱ्यानं अर्धा सेकंद घेतला, तर फोटोत पोरगा येणार कुठून?

हा वेळ जातो कशात? बटण पूर्ण दाबल्यावर कॅमेरा आधी उजेड मोजतो, मग अंतर. त्यानंतर छोटी मोटर भिंग पुढे-मागे सरकवते आणि शेवटी शटर उघडतं. अशा नुसतं बटण दाबायच्या छोट्या कॅमेऱ्यांतला पहिला ऑटोफोकस कॅमेरा, कोनिकाचा सी३५ एएफ, १९७७ साली बाजारात आला. तो दोन खिडक्यांतून दिसणारी चित्रं जुळवून अंतर ठरवायचा. १९७९च्या कॅननच्या एएफ३५एमनं वेगळी वाट धरली. एका खिडकीतून डोळ्यांना न दिसणारा अवरक्त किरण सोडायचा, समोरच्या वस्तूवर आपटून तो कोणत्या कोनातून परततो ते दुसऱ्या खिडकीतून टिपायचं आणि त्रिकोणाच्या गणितानं अंतर काढायचं.

खिडक्यांमध्ये ४ सेंटिमीटर अंतर आहे असं धरू. एक मीटरवरच्या वस्तूसाठी कोन सुमारे २.३ अंश येतो, दोन मीटरला १.१५, आठ मीटरला जेमतेम ०.३. लांबच्या वस्तूंतला फरक कोनात जवळजवळ उरतच नाही. किरण परतलाच नाही, तर कॅमेरा समोर काही नाही असं समजून थेट अनंतावर फोकस लावतो.

मला जास्त सलते ती दुसरी चूक. किरण जातो चित्राच्या मधोमध. काका-काकू द्राक्षबागेत शेजारी उभे राहिले, दोघांच्या मधल्या फटीतून किरण मागच्या मांडवाच्या खांबावर गेला. खांबाची साल मोजता येईल इतकी स्पष्ट, आणि काकूचा चेहरा धुरकट. तो त्यांचा एकत्र काढलेला एकमेव फोटो आहे. किरणाला फक्त मधली वस्तू कळते, आपलं माणूस कोणतं ते नाही. नांदूरमध्यमेश्वरला पाणवनस्पतींआडून पक्षी टिपतानाही तेच होतं: पुढचं गवत मधे आलं की ते रेखीव, मागचा बगळा पुसट.

लग्नात आणखी एक गोष्ट आड येते. फ्लॅश भिंगाला चिकटून असला की त्याचा उजेड डोळ्याच्या आतल्या रक्ताळलेल्या पडद्यावरून सरळ परततो आणि बाहुल्या लाल दिसतात. म्हणून कॅमेरा आधी दिवा लुकलुकवतो. बाहुली आकसायला वेळ लागतो, त्यामुळे सुमारे सेकंदभर थांबणं त्याला भागच असतं. पण मंडळींना वाटतं फोटो निघाला. काकू विचारते, ‘‘झाला का रे?’’ आणि नेमका तेव्हा खरा फ्लॅश पडतो. अंतरपाट दूर होतानाचा क्षण तर अशा कॅमेऱ्यात सापडणं फारच कठीण.

गंमत अशी, की त्याच काळातल्या स्वस्त, स्थिर फोकसच्या कॅमेऱ्यांना हा त्रास नव्हता. आपल्याकडे तेव्हा घरोघरी दिसणारा यशिका एमएफ-२ त्यांतलाच. ३५ मिलिमीटरचं भिंग एफ-८ला ठेवून पाच मीटरवर फोकस कायमचा बसवला, तर अडीच मीटरपासून क्षितिजापर्यंत सगळं पुरेसं स्पष्ट येतं. अंतर मोजायचं नाही, भिंग हलवायचं नाही. उन्हातल्या उडीसाठी तोच बरा होता, हे मला फार उशिरा उमगलं.

ऑटोफोकसवर उपाय बटणातच असतो. अर्धं दाबलं की अंतर कॅमेऱ्याच्या लक्षात राहतं. अनेक कॅमेऱ्यांत भिंग मात्र पूर्ण दाबल्यावरच सरकतं, म्हणून थोडा वेळ उरतोच. पुढच्या उन्हाळ्यात मी भाऊ उभा होता तेवढ्याच अंतरावरच्या दगडावर बटण अर्धं दाबून धरलं, कॅमेरा त्याच्याकडे वळवला आणि त्याचे पाय हवेत सुटायची वाट न पाहता गुडघे वाकताच बटण पूर्ण दाबलं. त्या प्रिंटमध्ये तो हवेत आहे, हात पसरलेले, खाली नदी अजून संथ.